घासाचे वजन : पायली, पौंड आणि ओट्यावरचा काटा

आजच्या धाग्याचा विषय इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण अनेकांच्या स्वयंपाकघरात सापडेल. तळहाताएवढा सपाट वजनकाटा, वर काचेची पाटी, खाली चमकणारे आकडे. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावीही व्यायामशाळेत जाणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी, मधुमेहाच्या भीतीने सावध झालेली मंडळी आता भाताआधी तांदूळ तोलतात, शेंगदाणे ग्रॅमवर मोजतात. यात हसण्यासारखे काही नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो : माणसाचा घास तोलण्याची कल्पना आली कोठून? आणि आपल्या मुलखात ती पहिल्यांदा कोणी, कोणावर वापरली?

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मराठी घरात अन्न मोजणे आणि घास मोजणे या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. धान्य मोजल्याशिवाय संसार होत नाही, पण पानावर बसलेल्या माणसाचे घास मोजणे हा अपमान समजला जातो. जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत, हे आपण सारे ऐकत वाढलो. भाषेतही हे दिसते. 'मापात पाप' हा दोष दुकानदाराचा, 'दांडी मारणे' हे तराजूवाल्याचे कसब, आणि 'घास मोजणे' हा आरोप मात्र घरातल्या माणसावर केला जातो.

जुने माप कसे होते? मराठवाड्यात, तसे सर्वच मराठी मुलखात, धान्य तोलले जात नसे, भरले जात असे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, पण मण काही भागांत बारा पायल्यांचाही धरत. लक्षात येईल की ही सारी आकारमानाची मापे आहेत. 'शेर' हा शब्द वजनालाही होता, म्हणून 'मापी शेर' आणि 'वजनी शेर' असा फरक बोलण्यात करावा लागे. तागडीवर चढे ते सोने, गूळ, तूप, कापूस. ज्वारी मापात पडे.

आकारमानाच्या मापाची एक गंमत आहे, आणि ती या धाग्याच्या पुढच्या भागासाठी महत्त्वाची आहे. माप सपाट भरता येते किंवा शिगोशीग भरता येते. मापाच्या काठावर उभी राहणारी ती शीग कोणाची, यावर गावाचे अर्धे राजकारण चाले. खळ्यावर बलुतेदाराला धान्य देताना, सावकाराचे कर्ज धान्यात फेडताना, सालगड्याला वर्षाचे धान्य घालताना माप एकच, पण घेताना शीग आणि देताना सपाट, हा अनुभव सार्वत्रिक होता. म्हणजे जुने माप निर्दोष होते असे नव्हे. एवढेच की त्या मापात भांडणाला जागा होती. शीग डोळ्यांना दिसे, आणि जे दिसते त्यावर माणूस हुज्जत घालू शकतो.

घरात तर मापाच्या पुढची पायरी सगळी हाताची. किती चिपटी दळायची हे ठरे, पण कोणाच्या पानात किती पडायचे हे वाढणाऱ्या बाईच्या अदमासावर. तिच्या स्वतःच्या पानात काय पडे? शेवटी जे उरे ते. आहार-नियंत्रणाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक प्रकार आपल्या घरांत कोणत्याही काट्याशिवाय चालत आला, आणि तो जेवणाच्या क्रमाने अमलात येई. पुरुष, मुले, मग सासू, मग सून. याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, म्हणून इतिहासकार त्यावरून घाईने पुढे जातात.

आता जरा दूर जाऊ. शरीरासाठी अन्न वजनावर घेणारा पहिला प्रसिद्ध माणूस इटलीतला. पादुआ येथील वैद्य सांतोरिओ सांतोरिओ याने एक मोठा तराजू टांगून त्याला खुर्ची जोडली. तीत बसून तो जेवणाआधी आणि जेवणानंतर स्वतःला तोले, खाल्लेले व शरीराबाहेर गेलेले सारे तोले. असे त्याने सुमारे तीस वर्षे केले. १६१४ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. खाल्लेल्या अन्नाच्या वजनाचा मोठा हिस्सा डोळ्यांना न दिसता, घाम-श्वासातून नाहीसा होतो, हे त्याचे मुख्य निरीक्षण. बारीक होण्याचा हेतू त्यामागे नव्हता.

बारीक होण्याचा हेतू आला १८६३ साली, लंडनमध्ये. विल्यम बँटिंग नावाचा, अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक सधन व्यावसायिक. वय ६६, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. बुटाचे बंद बांधता येईनात, जिना उलटा उतरावा लागे. एका वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे सोडले आणि प्रत्येक जेवण औंसांत बांधले : न्याहारीला चार-पाच औंस मांस आणि फक्त एक औंस कोरडा टोस्ट, दुपारी पाच-सहा औंस मासे किंवा मांस. वर्षभरात सुमारे ४६ पौंड उतरले. त्याने स्वखर्चाने पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली की 'बँटिंग' हे इंग्रजीत क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत 'बांता' या शब्दाचा अर्थ आजही वजन उतरवणे असाच आहे. आजच्या ओट्यावरच्या काट्याचे कूळ शोधायचे तर ते येथे आहे.

पण याच वजनाचे दुसरे एक कूळ आहे, आणि ते आपल्या दाराशी येते. बँटिंगच्या पुस्तिकेनंतर अवघ्या तेरा-चौदा वर्षांनी.

१८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये फसला. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातला नळदुर्ग जिल्हा होता. (१८५३ ते १८६० या काळात तो इंग्रजांकडे होता. त्यातील पहिली काही वर्षे कादंबरीकार म्हणून ओळखला जाणारा मेडोज टेलर येथे कारभार पाहत होता. त्याच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.) शेजारचा सोलापूर जिल्हा इंग्रजी मुंबई इलाख्यात. सीमा इतकी गुंतलेली की बार्शी तालुका जवळजवळ चहूबाजूंनी निजामी मुलखाने वेढलेला. पावसाला मात्र ही सीमा ठाऊक नव्हती. ज्वारी दोन्हीकडे सारखीच करपली. पुढचे जे सांगणार आहे ते इंग्रजी बाजूचे, कारण वजनाचा हिशेब त्या बाजूने लिहून ठेवला.

दुष्काळी कामे निघाली. तलाव, रस्ते, खडी फोडणे. माढा तालुक्यातला आष्टीचा तलाव हा त्याच काळातला. सुरुवातीस पुरुषाला रोज दोन आणे, बाईला दीड आणा, मुलाला एक आणा अशी रोकड मजुरी होती. धान्याचे भाव चढू लागले तसे दोन आण्यांत पोट भरेना. म्हणून नोव्हेंबर १८७६ मध्ये नवा नियम आला : भाव काहीही असो, पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळावा. येथे प्रथमच आपल्या मुलखात माणसाची मजुरी सरकारी दप्तरात एका दिवसाच्या धान्याच्या वजनाला जखडली गेली. पायलीला शीग असते. पौंडाला नसते.

मग आला सर रिचर्ड टेंपल. १८७४ च्या बिहार दुष्काळात याच टेंपलने मुक्तहस्ते तांदूळ आणवला होता, मृत्यू फार थोडे झाले होते, आणि त्याबद्दल शाबासकीऐवजी उधळपट्टीचा ठपका त्याच्यावर आला होता. माणूस धडा शिकला, पण उलटा. १८७७ च्या जानेवारीत दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत येताना त्याच्यासमोर काटकसर हे ध्येय होते. त्याच महिन्यात मुंबई इलाख्यातही मजुरी उतरली : एक पौंड धान्याची किंमत आणि एका आण्याऐवजी अर्धा आणा. बायका-मुलांना त्याहून कमी. मद्रास इलाख्यात टेंपलने दीड पौंडाचा शिधा एका पौंडावर आणला. एक पौंड पुरतो की नाही, हे प्रयोगाने ठरवावे, असा त्याचा युक्तिवाद होता.

प्रयोग. हा शब्द सांतोरिओनेही आपल्या खुर्चीबद्दल वापरला असता. फरक इतकाच की सांतोरिओ स्वतः खुर्चीत बसला होता.

आता आजचा हिशेब लावून पाहू. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये ढोबळमानाने ३३० ते ३५० कॅलरी. म्हणजे एका पौंडात साधारण दीड हजार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात आणि जड काम करणाऱ्याला ३,४७०. १८७७ चा मजूर ६५ किलोचा नव्हता हे मान्य, आणि वरच्या अर्ध्या आण्यात मीठ-मिरची, थोडी डाळ येत असेल हेही मान्य. तरी खडी फोडणाऱ्या माणसाला दीड हजार. आज वजन उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक आहार-तक्त्यांत हाच आकडा असतो, ही गोष्ट मला पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी बराच वेळ वही बंद करून बसलो होतो.

त्या वेळी कॅलरी हा शब्द आहारशास्त्रात रुळलेला नव्हता. तरीही आकड्याला आकड्याने उत्तर देणारी माणसे निघाली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी शरीरविज्ञान आणि तुरुंगांतील आहाराचा अनुभव यांच्या आधारे टेंपलशी लेखी वाद घातला. कैद्याला तुरुंगात किती मिळते आणि निरपराध मजुराला किती, हा प्रश्न एकदा मांडला की त्याला झाकणे अवघड होते. काही महिन्यांतच मद्रासमध्ये ते प्रमाण मागे घ्यावे लागले.

आपल्या बाजूला उत्तर दोन ठिकाणांहून आले. एक, कामांवरूनच. नव्या मजुरीवर आणि दूरच्या कामांवर जाण्यास हजारो मजुरांनी नकार दिला, कामे सोडली. उपाशी माणसाचा संप ही कल्पनाच आपल्याला पचत नाही, पण तो झाला. दोन, पुण्याहून. सार्वजनिक सभा तेव्हा सात वर्षांची होती. तिचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी नेसून हजर राहिले होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली, अर्ज-निवेदने पाठवली, मजुरीचे प्रमाण तुरुंगाच्या शिध्याशी ताडून पाहिले. माझ्या मते मराठी सार्वजनिक जीवनाचा हा एक दुर्लक्षित क्षण आहे. आपण सार्वजनिक सभा म्हटले की स्वदेशी आठवतो. तिने सरकारचा काटा तपासून पाहिला होता, हे आठवत नाही.

पुढे १८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, दुष्काळ संहिता आल्या, आणि पीठ किती, डाळ किती, मीठ किती याचे पौंड-औंसांतले तक्ते कायम झाले. तेथून अन्नाच्या वजनाचा प्रश्न प्रशासनाचा झाला. त्याचा सूर एकच होता : कमीत कमी किती दिले म्हणजे माणूस मरणार नाही?

विसाव्या शतकात या सुराला विज्ञानाची साथ मिळाली. अमेरिकेत ॲटवॉटरने अन्नातील ऊर्जा मोजून कॅलरीचे तक्ते केले. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंच्या पुस्तकाने ते तक्ते वजन उतरवू पाहणाऱ्या सामान्य वाचकांच्या हाती दिले. आपल्याकडे निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत वॉलेस ॲक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नधान्यांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. हेच ॲक्रॉइड पुढे बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सदस्य झाले. ती प्रयोगशाळा नंतर हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. डॉ. गोपालन यांच्या काळात सुधारलेले ते तक्ते आजही वापरात आहेत. तुमच्या मोबाइलमध्ये 'ज्वारीची भाकरी' असे लिहिल्यावर जो आकडा येतो, त्याचे मूळ बहुधा याच परंपरेत आहे.

आणि येथे दोन मराठी विद्वानांचा वाद आल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणशी रोज २,२५० कॅलरी हे माप धरून गरीब कोण, हे ठरवले होते. दुसरीकडे पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत अनेक वर्षे काम करून पुण्यात परतलेले. त्यांचे म्हणणे असे की एकाच निरोगी माणसाचे खाणे दिवसागणिक, आठवड्यागणिक कमी-जास्त होते. शरीर त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरी आकड्याखाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित समजणे संख्याशास्त्राला धरून नाही. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. जुळवून घेण्याच्या नावाखाली भुकेलेल्यांची संख्या कागदावर घटवली जाईल, ही टीकाकारांची भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. टेंपलचा 'प्रयोग' आठवा.

मला दोघांचेही पटते, पण वेगवेगळ्या माणसांबाबत. ज्याच्या घरात डबा भरलेला आहे आणि जो ओट्यावरच्या काट्यावर रोज तोच आकडा यावा म्हणून जीव टाकतो, त्याने सुखात्मे वाचावेत : शरीर एका दिवसाचा हिशेब ठेवत नाही. ज्याचा डबाच रिकामा आहे त्याच्या बाजूने मात्र दांडेकरच बोलतात.

त्या वादाच्या आसपासच, १९७२ चा दुष्काळ. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतला. ज्वारी मिळेना, अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळे, कामांवर सुकडी वाटली जाई. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. या वेळी मजुरी धान्याच्या पौंडाला बांधलेली नव्हती. ती फोडलेल्या खडीच्या आणि खणलेल्या मातीच्या मापावर ठरे. म्हणजे घासाऐवजी काम मोजले जाऊ लागले. बदल मोठा होता, पण अशक्त माणसाची खडी कमी भरे आणि त्याचा घास त्याच हिशेबाने घटे.

दरम्यान आपले मापही बदलले होते. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली, आणि काही वर्षांत शेर, पायली, मण बाजारातून कायद्याने गेले. बोलण्यातून मात्र गेले नाहीत. 'पायलीचे पन्नास' कोणी किलोत म्हणत नाही.

आज याच जिल्ह्यात घास तोलण्याच्या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदतात. शाळेच्या खिचडीसाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला पाच किलो, म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. टेंपलच्या पौंडाशी याची थेट तुलना अन्यायाची होईल. तो संपूर्ण मजुरीचा हिशेब होता, हा पूरक शिधा आहे, आणि तो हक्क म्हणून मिळतो. तरी काटा कोणाच्या हातात आहे हा प्रश्न रेशन दुकानासमोर उभ्या असलेल्या बाईला नीट कळतो. ती आकड्याकडे डोळे लावून उभी असते.

ओट्यावरच्या काट्यात मात्र तोलणारा आणि तोलला जाणारा एकच आहे. आत एक धातूची पट्टी असते. वजन पडले की ती केसाएवढी वाकते, तिला चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि त्याचा आकडा होतो. ही युक्ती १९३८ च्या सुमारास अमेरिकेत निघाली. वापरणाऱ्यांसाठी एक सूचना : कच्चे पीठ तोला, भाजलेली भाकरी नव्हे. भाकरीत पाणी किती राहिले यावर तिचे वजन बदलते, आणि तक्त्यांतले आकडे बहुतेक कच्च्या धान्याचे असतात. आहार-सर्वेक्षणाला घरोघरी जाणारे कर्मचारीही चुलीवर जाण्याआधीचे धान्यच तोलत आले आहेत.

शेवटी एक काम. तुमच्या घरी, आजोळी, माळ्यावर पितळेचे किंवा लोखंडी पत्र्याचे जुने मापटे, चिपटे, शेर पडलेले असेल तर काढा. त्यावर कुठे शिक्का उमटवलेला आहे का ते पाहा. मग त्यात ज्वारी आधी सपाट भरा, नंतर शिगोशीग, आणि दोन्ही ओट्यावरच्या काट्यावर ठेवा. गावाचे नाव, तालुका आणि दोन्ही आकडे खाली लिहा. तुळजापूर, परंडा, कळंब, उमरगा, भूम, वाशी, लोहारा, धाराशिव, प्रत्येक तालुक्यातून चार-पाच नोंदी आल्या तरी शीग किती ग्रॅमची होती हे आपल्याला कळेल.